मशीनं वाढली की फार्म मंदावतं: अंधेरीतल्या रेंडर फार्मचं एक प्रकरण

अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे, एका काचेच्या इमारतीत मध्यम आकाराचा व्हीएफएक्स, म्हणजे सिनेमाच्या दृश्यपरिणामांचा, स्टुडिओ आहे असं धरून चला. संगणकात रचलेल्या दृश्याचं अंतिम चित्र काढणं म्हणजे रेंडरिंग, आणि ते करणाऱ्या मशीनांचा ताफा म्हणजे रेंडर फार्म. हा स्टुडिओ कुठल्याही खऱ्या कंपनीचा नाही. अभ्यासासाठी उभा केलाय, आणि हिशेब तोंडी करता यावा म्हणून आकडे गोल घेतलेत. लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाचायची पद्धत) आणि रेंडरिंग यांचं वागणं मात्र प्रत्यक्षात असतं तसंच ठेवलंय.

सर्व्हर रूममध्ये २० रॅक मशीनं. मजल्यांवर कलाकारांची ६० वर्कस्टेशन. प्रत्येकात ३२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी कामाचे ३२ धागे, आणि १२८ जीबी रॅम. सगळ्यांच्या फाइली एकाच स्टोरेज सर्व्हरवर, एनएफएसने जोडलेल्या. सर्व्हरची लाइन १० गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त सव्वा जीबी. पण आत फिरत्या डिस्का आहेत. मिसळीचं वाचन सुरू झालं की त्या सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे जात नाहीत. लाइटिंगची एक फ्रेम १६ थ्रेड घेते, २४ जीबी रॅम खाते आणि ४० मिनिटांत निघते. सुरुवातीला ती टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) आणि जॉमेट्री (वस्तूंचे आकार) मिळून १५ जीबी वाचते. एका मशीनवर अशा दोन फ्रेमा बसतात. सिनेमाच्या एका सेकंदाला २४ फ्रेमा, तेव्हा पाच सेकंदांच्या शॉटला १२०.

दिवसा फार्म म्हणजे फक्त रॅक. संध्याकाळी सातनंतर लोक बोरिवली-विरारच्या गाड्या पकडायला निघतात, तसतशी त्यांची वर्कस्टेशन एकेक करून फार्ममध्ये सामील होतात. हे करणारा व्यवस्थापक स्टुडिओतच लिहिलेला आहे. दर ३० सेकंदांनी तो प्रत्येक मशीनचा एक मिनिटाचा लोड ॲव्हरेज, म्हणजे कामाच्या भाराचा सरासरी आकडा, विचारतो. लोड ३० च्या खाली असेल आणि जागा असेल तर फ्रेम देतो. सलग दोन मिनिटं लोड ४० च्या वर राहिला तर मशीनवर ताण आलाय असं समजून सगळ्यात नवी फ्रेम काढून घेतो आणि दुसऱ्या मशीनला देतो. वाचताना यात काहीच वावगं वाटत नाही.

तक्रार अशी. दिवसा २० मशीनं तासाला ६० फ्रेमा काढतात. रात्री मशीनं चौपट होतात, म्हणजे २४० निघायला हव्यात. आठ ते दहाच्या दरम्यान निघतात जेमतेम ५०.

लोड ४८, सीपीयू वीस टक्के

रात्रपाळीला फार्म सांभाळणाऱ्याला या धंद्यात रँगलर म्हणतात. इथला रँगलर डोंबिवलीचा तरुण मुलगा. नऊच्या सुमारास तो सिस्टिम ॲडमिनला फोन लावतो.

"सर, पुन्हा तेच. लोड ४८ दाखवतोय आणि सीपीयू वीस टक्क्यांवर बसलाय. मशीन बिझी धरू की रिकामं?"

"प्रोसेसची स्टेट बघ. आर किती, डी किती?"

"आर पाच-सहा असतील. बाकी सगळ्या डी."

"मग ते राबत नाहीयेत रे, वाट बघतायत. लोडकडे बघूच नकोस आता."

निदानाचा निम्मा भाग या चार वाक्यांत झाला. लिनक्सचा लोड ॲव्हरेज फक्त सीपीयूची रांग, म्हणजे आर अवस्थेतल्या चालू किंवा चालायला तयार प्रोसेस, मोजत नाही. डी अवस्थेतल्या, म्हणजे डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइलसाठी अडकून पडलेल्या आणि मध्येच उठवता न येणाऱ्या प्रोसेसही तो त्यात धरतो. १९९३ साली कर्नलमध्ये हा बदल मुद्दाम केला गेला. बहुतेक इतर युनिक्स प्रणालींची पद्धत अशी नाही. साकीनाक्याच्या सिग्नलला अडकलेल्या रिक्षाचा मीटर पळतोच: अंतराचे पैसे आणि थांबल्याचे पैसे एकाच आकड्यात. तो आकडा बघून रिक्षा किती धावली हे सांगता येत नाही, आणि या व्यवस्थापकाने नेमकं तेच सांगायचा प्रयत्न चालवला होता.

आता हिशेब. रेंडररच्या प्रत्येक फ्रेमचे १६ कामाचे थ्रेड आणि वर ८ फाइल वाचणारे मदतनीस थ्रेड. एरवी मदतनीस झोपलेले असतात, त्यामुळे दोन फ्रेमांचा लोड ३२. स्टोरेज अडलं की कामाचे आणि मदतनीस मिळून २४ च्या २४ डी अवस्थेत जातात. दोन फ्रेमा, लोड ४८. सीपीयू रिकामा, पण व्यवस्थापकाच्या लेखी मशीन फुटायला आलंय. तो नवी फ्रेम उचलतो. जुन्या फ्रेमचा लोड २४ मागे राहतो, आणि एक मिनिटाच्या सरासरीचं गणित बघितलं तर आकडा ४८ वरून ३० पर्यंत उतरायला साधारण दीड मिनिट लागतं. उतरला की व्यवस्थापक खूश होऊन दुसरी फ्रेम देतो. ती पुन्हा कोरी, तिचं वाचन पहिल्यापासून. लोड ४० ओलांडायला मिनिटभर, वर दोन मिनिटं सलग, की हीसुद्धा बाहेर. सगळा फेरा साडेचार मिनिटांचा.

या फेऱ्यात फ्रेमच्या पदरात काय पडतं? ६० वर्कस्टेशनांवर १२० फ्रेमा एकाच ३०० एमबीवर तुटून पडलेल्या. वाट्याला सेकंदाला अडीच एमबी. तीन मिनिटांत अर्धा जीबीही वाचून होत नाही, आणि हव्यात १५. मग तिला हाकलतात, आणि नव्या मशीनवर शून्यापासून सुरुवात. आधीच्या मशीनच्या मेमरीत जे आलं होतं ते वाया. स्टोरेजचं निम्मं वाचन असं रात्रभर कचऱ्यात जातं. रॅकच्या २० मशीनांवर एखादा नवा शॉट सुरू झाला की त्यांचंही वाचन याच गर्दीत सापडतं, त्यांचाही लोड ४० ओलांडतो, आणि दिवसभर नीट चाललेली मशीनंही या खोखोत ओढली जातात.

माझ्या मते इथली खरी गोम वेगळीच आहे. व्यवस्थापकाने काहीही केलं नसतं तरी फार्म सावरलं असतं. १२० फ्रेमा गुणिले १५ जीबी म्हणजे १८०० जीबी. ३०० एमबीच्या वेगाने १०० मिनिटं. महागडं आहे, चिडचिड होईल, पण एकदाच. त्यानंतर फाइली मेमरीत येऊन सगळी मशीनं कामाला लागली असती. ही एकदाच भरायची किंमत व्यवस्थापकाने दर साडेचार मिनिटांनी नव्याने भरायला लावली.

हे दुखणं जुनं आहे

रिकाम्या वर्कस्टेशनवर दुसऱ्याचं काम चालवायची कल्पना १९८० च्या दशकातली. बर्कलीच्या स्प्राइट या वितरित ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालू प्रोसेस उचलून रिकाम्या मशीनवर नेता येई, आणि मालक परत आला की पाहुणी प्रोसेस तिच्या मूळ घरी पाठवली जाई. विस्कॉन्सिनच्या कॉन्डॉरने १९८८ साली हेच चेकपॉइंटच्या वाटेने केलं: कामाची अवस्था मध्येच जपून ठेवायची आणि दुसरीकडे तिथूनच पुढे चालू करायची. दोन्हींत हलवलेलं काम वाया जात नसे. आपल्या स्टुडिओच्या व्यवस्थापकाने हलवणं घेतलं आणि जपणं सोडून दिलं. रेंडरची फ्रेम काढून घेणं म्हणजे ती मारणंच.

आणि जपून हलवलं तरी धोका असतोच. ईगर, लाझोव्स्का आणि झाहोर्जान यांनी १९८६ साली भार वाटून घेण्याच्या धोरणांचा अभ्यास केला, तो या प्रकरणाला अगदी चपखल लागू पडतो. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. कुठल्याही मशीनवर काम ढकलायचं आणि तिथे भार असेल तर पुढे ढकलायचं, असं मोकाट सोडलं तर भार वाढल्यावर मशीनं कामं करायचं सोडून ती एकमेकांकडे सरकवण्यातच गुंततात. उपायही साधा: एक काम किती वेळा हलवायचं याला ठाम मर्यादा घालायची. दुसरी गोष्ट, दोन-तीन मशीनांना विचारून उंबरठ्याखालचं एखादं मिळालं की तिथे काम द्यायचं, एवढ्या साध्या धोरणातच बहुतेक फायदा पदरात पडतो. सगळ्यांत कमी भाराचं मशीन हुडकून काढल्याने त्यात फारशी भर पडत नाही. चाळीस वर्षं होत आली, तरी घरोघरच्या फार्ममध्ये अजून सगळ्यांत रिकामं मशीन शोधणाऱ्या स्क्रिप्टा लिहिल्या जातात.

इथे एक सावधगिरी. हार्कोल-बाल्टर आणि डाउनी यांचं १९९६ चं काम अशा चर्चेत हमखास पुढे येतं: युनिक्सवर जी प्रोसेस आजवर जितका सीपीयू वेळ जगली तितकीच आणखी जगण्याची शक्यता निम्मी, म्हणून हलवायचीच तर म्हातारी हलवा. रेंडरला हे लावू नये. इथे शेजारच्या फ्रेमा एकमेकींसारख्या असतात. ५६ क्रमांकाच्या फ्रेमला ४० मिनिटं लागली तर ५७ ला साधारण तेवढीच लागणार. पस्तीस मिनिटं झालेली फ्रेम हलवणं हा शुद्ध तोटा. तिथे हाताशी पक्का अंदाज आहे, शक्यतेचं गणित कशाला मांडायचं?

टंचाई कुठे आहे ते बघून लगाम

पहिल्याच दिवशी ॲडमिनच्या मनात सीग्रुपचा उपाय येतो. कर्नलमध्येच प्रत्येक गटाला सीपीयू, मेमरी आणि डिस्कची मर्यादा घालता येते, मग पाहुण्या फ्रेमचं वाचन तिथेच का रोखू नये? कारण सीग्रुपचा आयओ लगाम मशीनच्या स्वतःच्या ब्लॉक डिव्हाइसला लागतो. एनएफएसचं वाचन नेटवर्कने जातं, त्याला हा लगाम लागतच नाही. उलट बाजूने, स्टोरेज सर्व्हरला दिसतात फक्त विनंत्या. त्यामागे कलाकाराची घाईची फाइल आहे की मध्यरात्रीची फ्रेम, हे त्याला कळायचा मार्ग नाही. ८० कर्नल आपापल्या घरात चोख आहेत, आणि टंचाईची वस्तू कुठल्याच घरात नाही. वितरित ऑपरेटिंग सिस्टिम जे काम एकत्र बघते असं पुस्तकात वाचतो, ते इथे कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं.

तेव्हा लगाम व्यवस्थापकात घालायचा, आणि तो वाचनावर. किती घट्ट, ते ठरवायला लिटलचा नियम पुरतो (जॉन लिटल, १९६१): रांगेत सरासरी किती जण आहेत, तो आकडा म्हणजे सेकंदाला किती जण सुटतात गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. एनएफएसचं एक वाचन जास्तीत जास्त एक एमबीचं धरलं तर ३०० एमबी म्हणजे सेकंदाला ३०० वाचनं. रांगेत ६०० विनंत्या लोटल्या तर प्रत्येकीला दोन सेकंद. रांगेत २० च ठेवल्या तर ६७ मिलिसेकंद. दोन्ही वेळा स्टोरेज देतं तेवढंच, सेकंदाला ३०० एमबी. वाढतं ते फक्त ताटकळणं.

दुरुस्तीत आधी फ्रेम हलवणं बंद झालं. फ्रेम काढून घ्यायची ती फक्त वर्कस्टेशनचा मालक परत आला तर, आणि एका फ्रेमच्या नशिबी हे एकदाच. पुढच्या वेळी ती रॅकवरच जाते. एवढ्या एका बदलाने निम्मं वाचन वाचलं.

मग टोकन. कोऱ्या मशीनला शॉट मिळाला की रेंडर लगेच सुरू होत नाही. आधी एक छोटी स्क्रिप्ट त्या शॉटच्या फाइली सरळ एकापाठोपाठ वाचून मशीनच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे कर्नल वाचलेल्या फाइली जिथे ठेवतो त्या रॅममध्ये, आणून ठेवते, आणि त्यासाठी तिच्याकडे टोकन, म्हणजे व्यवस्थापकाने दिलेला वाचनाचा परवाना, लागतं. वाचून झालं की टोकन परत, रेंडर सुरू. मशीनवरच्या दोन्ही फ्रेमा एकाच शॉटच्या द्यायच्या, म्हणजे मशीनमागे ३० ऐवजी १५ जीबीत भागतं. पुढच्या फ्रेमाही शक्यतो त्याच मशीनला. फाइल बदललेली नाही ना, एवढं एनएफएस प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारून घेतं. मजकूर घरचाच वापरतं.

साठ मशीनं मिळून ९०० जीबी. सगळ्यांनी एकदम वाचलं तर प्रत्येकाचं वाचन पन्नासाव्या मिनिटाला संपणार. दहाच टोकन ठेवून दहा-दहाच्या तुकड्या केल्या तर पहिली तुकडी आठव्या मिनिटाला मोकळी, शेवटची पन्नासाव्याला, सरासरी ताटकळणं २९ मिनिटं. डिस्क तीच, लाइन तीच. फक्त रांगेला शिस्त.

यातला सगळ्यात मोठा फायदा नंतर लक्षात आला. एका तुकडीतल्या दहाही मशीनांना एकाच शॉटच्या फ्रेमा दिल्या तर सर्व्हरला डिस्कवरून १५ जीबी एकदाच वाचावे लागतात. बाकीच्या नऊ मशीनांना तो स्वतःच्या रॅममधून देतो. मग अडसर डिस्कचा राहत नाही, लाइनचा होतो: १५० जीबी सव्वा जीबीच्या वेगाने दोन मिनिटांत. सहा तुकड्या, बारा मिनिटं. पन्नासाची बारा. शिवाय शॉट तुकड्यातुकड्यांत न रखडता एकेक करून पुरे होतात. प्रॉडक्शनच्या मॅडमना पेज कॅशशी काही देणंघेणं नाही, पण सकाळच्या रिव्ह्यूला अर्धवट दहा शॉटांऐवजी पूर्ण चार मिळतात, ते त्यांना चांगलं कळतं.

टोकन दहाच का? ठरवून नाही. हा आकडा व्यवस्थापकाने चालता चालता शोधायचा. प्रत्येक मशीनवर एनएफएसच्या वाचनाला लागणारा वेळ कर्नल मोजून ठेवतोच: सर्व्हरकडून उत्तर यायला किती लागला तो एक, आणि आपल्याच रांगेत थांबण्यासकट एकूण किती तो दुसरा. पहिल्याची सरासरी ८० मिलिसेकंदांखाली असेल तर टोकन एकाने वाढवायचं. २०० च्या वर गेली तर टोकन निम्मी करायची. मधल्या पट्ट्यात हात लावायचा नाही. जपून चढायचं, पटकन उतरायचं, हे सूत्र इंटरनेटवर माहिती पोचवणाऱ्या टीसीपी या नियमावलीचं. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळच्या विद्यापीठामधला माहितीचा वेग गर्दीने गुदमरून सेकंदाला ३२ किलोबिटांवरून ४० बिटांवर आला होता. व्हॅन जेकबसनने १९८८ साली त्यावर उतारा लिहिला, आणि चिऊ व जैन यांनी १९८९ मध्ये हेच सूत्र वाटणी न्याय्य का करतं ते दाखवलं. आपल्या फार्ममध्ये त्याची गंमत अशी की सर्व्हर रॅममधून उत्तरं द्यायला लागला की वेळ आपोआप खाली येतो आणि टोकन वाढत जातात. एखादा शॉट कॅशमध्ये न मावणारा निघाला की ती आपसूक घटतात. कुणी काही सांगावं लागत नाही.

लोड ॲव्हरेज मात्र निर्णयातून पुरता हद्दपार केला. त्याजागी आली प्रेशर स्टॉल इन्फॉर्मेशन, डिसेंबर २०१८ च्या लिनक्स ४.२० पासून कर्नलमध्ये असलेली. सीपीयू, मेमरी आणि आयओ या तिन्हींसाठी ती वेगवेगळं सांगते की गेल्या १० सेकंदांत, मिनिटात आणि पाच मिनिटांत कामं किती टक्के वेळ खोळंबली. रँगलरचा प्रश्न, बिझी धरू की रिकामं, याचं उत्तर एका ओळीत मिळतं. आयओचा आकडा चढलेला आणि सीपीयूचा शून्याजवळ असेल तर नवी फ्रेम द्यायची नाही आणि जुनी काढायचीही नाही, गप्प बसायचं. गप्प बसणं हा पर्यायच जुन्या व्यवस्थापकात नव्हता.

निर्णय घेण्याचा वेग आणि परिणाम दिसण्याचा वेग, यांचं नातंही सुधारावं लागलं. मिनिटभराची सरासरी बघून अर्ध्या मिनिटाला निर्णय घेतला, की मागच्या निर्णयाचा परिणाम दिसायच्या आत पुढचा घेतलेला असतो. अनेक मशीनांवर कामं वाटणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीत यावर तोडगा मुळातच बसवलेला आहे: आकडा लक्ष्याच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर काही करायचं नाही, आणि पॉड (कामाच्या चालू प्रती) कमी करण्यापूर्वी ३०० सेकंदांचा मागोवा घ्यायचा. इथे टोकन दर अर्ध्या मिनिटाला हलतं, कारण वाचनाचा वेळ लगेच बदलतो. मशीनला फ्रेमा किती द्यायच्या, हे मात्र फ्रेम संपल्यावरच ठरतं.

एसी, पाऊस आणि मालक

आठ वाजता इमारतीचा सेंट्रल एसी बंद होतो. सर्व्हर रूमला स्वतःचे स्प्लिट आहेत, मजल्यावर नाहीत. टेबलाखालची साठ मशीनं बंद काचेच्या हॉलमध्ये पूर्ण ताकदीने चालायला लागली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात. सीपीयू १०० टक्केच दिसतो. ४० मिनिटांची फ्रेम ५५ वर जाते. हे कुठल्याही टक्केवारीत दिसत नाही. दिसतं ते फक्त एका ठिकाणी: त्याच शॉटची शेजारची फ्रेम रॅकवर किती वेळात निघाली, त्याच्याशी ताडून बघितल्यावर. व्यवस्थापक आता प्रत्येक मशीनचा असा वेग लिहून ठेवतो आणि फार उतरला तर त्या मशीनला दोन ऐवजी एकच फ्रेम देतो. उष्णता कमी, वेग परत वर. अवजड फ्रेमा आठनंतर रॅकलाच जातात.

पावसाळ्यात दुसरीच तऱ्हा. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की लोक घरून काम करतात, ऑफिसातल्या वर्कस्टेशनवर दुरून लॉगिन करून. जुना व्यवस्थापक मशीनला जोडलेल्या माउस-कीबोर्डला हात लागला का, एवढंच बघे. दुरून आलेला माणूस आभासी पडद्यावर काम करत असल्याने तिथे काहीच हलत नसे, आणि भर दुपारी मशीन रिकामं ठरून त्यावर दोन फ्रेमा जाऊन बसत. मग रँगलरला फोन: "दादा, माझं मशीन कुणी घेतलंय का? माउस सरकेना झालाय." दुरूनच्या सेशनमधली शेवटची हालचालही आता तपासली जाते.

मालक परत आल्यावर काय, हा प्रश्न वाटतो त्याहून किचकट आहे. सीपीयू सोपा: पाहुण्याच्या सीग्रुपला वजन एक ठेवायचं, नेहमीचं असतं शंभर, मालकाने काम सुरू करताच पाहुणा जवळजवळ दिसेनासा होतो. मेमरी तशी वागत नाही. पाहुण्याला गोठवून ठेवायची सोय सीग्रुपमध्ये आहे, पण गोठलेली प्रोसेस रॅम सोडत नाही. दोन फ्रेमांचे ४८ जीबी बर्फात तसेच, आणि मालकाने मोठं दृश्य उघडलं की कर्नल ती पानं स्वॅपवर (डिस्कवरच्या राखीव जागेत) ढकलू लागतो, मशीन धापा टाकतं. स्टुडिओने इथे साधा नियम केला. मालक आला की गोठवायचं, दहा मिनिटं वाट बघायची. चहा-सिगरेटसाठी खाली जाताना ईमेल बघून गेलेला माणूस तेवढ्यात परत निघून जातो. दहा मिनिटांनी तो अजून असेल किंवा मेमरीचं प्रेशर चढायला लागलं असेल, तर फ्रेम मारायची. तीस मिनिटांच्या पुढे गेलेल्या फ्रेमबद्दल तडजोड नाही का, असं रँगलरने विचारलं होतं. नाही. मशीन मालकाचं, हा शब्द एकदा मोडला की लोक घरी जाताना मशीन बंद करून जातात, आणि मग फार्म २० मशीनांचंच राहतं.

सिम्युलेशन

राहिला इफेक्टवाल्यांचा प्रश्न. पाणी, धूर, पडझड यांच्या सिम्युलेशनला ४ थ्रेड पुरतात पण ६४ जीबी रॅम लागते, आणि प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर उभी असते, त्यामुळे ती साठ मशीनांवर वाटता येत नाही. मालक येण्या-जाण्याच्या खेळातही ती नको. सिम्युलेशन रॅकवरच.

मग रॅक वाटायचा कसा? २०११ साली बर्कलीतून आलेली डॉमिनंट रिसोर्स फेअरनेस सांगते, ज्याला जे साधन प्रमाणाने जास्त लागतं त्यातला त्याचा वाटा बघा आणि ते वाटे समान करा. रॅकमध्ये एकूण ६४० थ्रेड, २५६० जीबी. लाइटिंगची एक फ्रेम थ्रेडांतला अडीच टक्के वाटा घेते, एक सिम्युलेशन मेमरीतला अडीच टक्के. समान वाटे करत गेलं तर मेमरी संपेपर्यंत दोन्हींची २९-२९ कामं बसतात. मशीनं निम्मी-निम्मी वाटली असती तर २०-२०. कागदावर मोठा फायदा.

रॅकवर तो मिळत नाही, कारण मशीन वितळवून एकत्र ओतता येत नाही. एका मशीनवर एक सिम्युलेशन आणि एक फ्रेम बसवली की २० थ्रेड आणि ८८ जीबी गेले. उरलेल्या ४० जीबीत दुसरं सिम्युलेशन मावत नाही, उरलेल्या १२ थ्रेडांत दुसरी फ्रेम मावत नाही. वीस मशीनांवर पुन्हा २०-२०.

कोंडी फोडली ती रँगलरनेच. रेंडररला १६ च थ्रेड हवेत असं कुणी सांगितलंय? दुसऱ्या फ्रेमला १२ द्या, ती सावकाश निघेल. आता प्रत्येक रॅक मशीनवर एक सिम्युलेशन, एक १६ ची आणि एक १२ ची फ्रेम: ३२ थ्रेड, ११२ जीबी. पेज कॅशला १६ जीबी उरतात आणि शॉट असतो १५ चा, म्हणजे अगदी बेताचं. एखादं सिम्युलेशन ६४ च्या वर फुगलं की कॅश आधी जाते आणि मशीन पुन्हा स्टोरेजच्या दारात जाऊन उभं राहतं. म्हणून सिम्युलेशनच्या सीग्रुपला मेमरीची वरची मर्यादा ६४ वर घातली आहे. ती ओलांडणारं काम आपोआप कुठेही हलत नाही. इफेक्टच्या सुपरवायझरला निरोप जातो आणि तो ठरवतो, सिम्युलेशनची बारकाई कमी करायची की त्या रात्रीपुरतं एक अख्खं मशीन मागून घ्यायचं.